शिलोच्या कन्या

शास्त्रभाग : शास्ते, अध्याय 21. सोबत वाचावे : उत्पत्ति 24:50-61; निर्गम 22:16-17; अनुवाद 21:10-14 व 22:28-29.

तेरखेडा येथे दर बुधवारी सायंकाळी शास्त्रपाठासाठी जी पाच-सात घरची मंडळी जमते, तिच्याबरोबर आम्ही गेले कित्येक महिने शास्त्यांचे पुस्तक क्रमाने वाचीत आहो. शमशोनाचा वृत्तांत झाला, मीखाच्या मूर्तीचा झाला, आणि एकोणिसाव्या अध्यायापाशी येताच आमचे मन कचरले. समोर मुली बसल्या होत्या, लेकुरवाळ्या सुना बसल्या होत्या. म्हणून तीन अध्याय सोडून आम्ही रूथचे पुस्तक उघडण्यास सांगितले. तेव्हा भिंतीला टेकून बसलेल्या एक वृद्ध बाई म्हणाल्या, “पाळकसाहेब, मधली पानं राहिली की. देवानं लिहून ठेवलंय ते तुम्ही कशाला झाकता?” आमच्याजवळ उत्तर नव्हते. पुढच्या बुधवारी आम्ही ती पाने वाचली. प्रस्तुत पाठ त्याच वाचनातून निघाला आहे.

वृत्तांत थोडक्यात असा. एफ्राइमाच्या डोंगराळ प्रदेशातील एक लेवी आपल्या उपपत्नीला तिच्या माहेराहून घेऊन येत असता बन्यामीन वंशाच्या गिबा नगरात रात्रीच्या वस्तीस राहिला. तेथील अधम पुरुषांनी घराला वेढा घातला, तेव्हा तिला दाराबाहेर काढून त्यांच्या हाती दिले ते तिच्या धन्यानेच. रात्रभर तिची विटंबना झाली. पहाटे ती दारापाशी येऊन पडली. तिचे हात उंबरठ्यावर होते. त्या लेव्याने तिच्या देहाचे बारा तुकडे करून ते इस्राएलाच्या सर्व प्रांतांत धाडले, आणि सर्व वंश बन्यामिनावर चालून गेले. पहिल्या दिवशी इस्राएलाचे 22,000 व दुसऱ्या दिवशी 18,000 लोक पडले. तिसऱ्या वेळी बन्यामिनाचा बीमोड झाला. नगरे जाळली, माणसे व गुरे कापली. रिम्मोनाच्या खडकावर पळून गेलेले 600 पुरुष काय ते उरले.

आता पेच पडला. युद्धापूर्वी मिस्पा येथे सर्वांनी शपथ घेतली होती की आपली मुलगी बन्यामिनाला द्यावयाची नाही. एक वंश नाहीसा होणार म्हणून लोक बेथेलात देवापुढे गळा काढून रडले. मग त्यांनी शोध केला की मिस्पाच्या मेळ्यास कोण आले नव्हते. याबेश-गिलाद आले नव्हते. तेव्हा 12,000 शूर पुरुष पाठवून ते गाव बायकामुलांसह कापून काढले व 400 कुमारी तेवढ्या जिवंत ठेवून आणल्या. तरी 200 कमी पडल्या. वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. एका स्त्रीवरील अत्याचाराचा न्याय करावयास निघालेले लोक आता मुली मोजू लागले आहेत.

पुढचा भाग आम्हांस सर्वांहून अधिक विचार करण्यासारखा वाटतो, कारण त्यात तलवार नाही. वडील मंडळी सभा भरवून विचार करतात. शिलो येथे परमेश्वराचा वार्षिक सण असतो. ग्रंथकार त्या गावाचा पत्ताही देतो: बेथेलच्या उत्तरेस, बेथेलाहून शखेमास जाणाऱ्या सडकेच्या पूर्वेस, लबोनाच्या दक्षिणेस. आम्हीही तेरखेड्याचा पत्ता असाच सांगतो की येरमाळ्याच्या पुढे, बीडकडे जाणाऱ्या महामार्गावर. सणाच्या दिवशी शिलोच्या मुली नाचावयास बाहेर येत. आमच्याकडे नागपंचमीला मुली मोकळ्या जागी फेर धरतात, झोके बांधतात, नव्या लुगड्यांची व बांगड्यांची पारख चालते, सासुरवाशिणीही त्या दिवशी माहेरी मोकळा श्वास घेतात; येरमाळ्याच्या चैत्री यात्रेत तर बायकामुलींची रीघ लागते. डोळ्यांपुढे तसेच काही आणावे. आणि मग हे आणावे की भोवतालच्या द्राक्षमळ्यांत 200 पुरुष पालथे पडून वाट पाहत आहेत, आणि त्यांना तेथे गावोगावच्या वडील मंडळींनीच बसविले आहे.

मुलींचे बाप व भाऊ तक्रार घेऊन आले तर काय उत्तर द्यावयाचे तेही वडिलांनी आधीच ठरवून ठेवले होते. ते असे की, आमच्याकडे पाहून यांना क्षमा करा. लढाईत यांना पुरेशा बायका मिळाल्या नाहीत. शिवाय तुम्ही आपल्या हाताने मुली दिल्या नाहीत, तेव्हा शपथ मोडल्याचा दोष तुमच्यावर येत नाही. किती बारकाईने सर्वांची सोय पाहिली आहे! बापांनी दिले नाही, म्हणून शपथ शाबूत. बन्यामिनाने मागितले नाही, म्हणून त्याचा मान शाबूत. वंश वाचला, भाऊबंदकी मिटली, वडिलांचा शब्द राहिला. ज्यांच्या अंगावर हा सगळा हिशेब फेडला गेला त्यांचे नाव एकाही ओवीत नाही, आणि त्यांच्या तोंडचा एकही शब्द नाही.

कोणी म्हणेल, ग्रंथकाराने निषेधाचा शब्द तरी कोठे लिहिला आहे? तो प्रवचन करीत नाही हे खरे. परंतु इब्री भाषेतील त्याची क्रियापदे पाहावी. मळ्यांत दबा धरण्यासाठी जो शब्द आहे तोच मागच्या अध्यायात गिबावर दबा धरून बसलेल्या सैन्यासाठी आला आहे. मुलींना धरण्यासाठी जो शब्द वापरला आहे तो साऱ्या इब्री शास्त्रात याखेरीज केवळ दहाव्या स्तोत्रात आढळतो, आणि तेथे तो दीनाला धरावयास गुहेत टपून बसलेल्या सिंहासारख्या दुर्जनाविषयी आहे. आणि तेविसाव्या ओवीत बन्यामिनी पुरुषांनी त्या नाचणाऱ्या मुलींना नेले असे सांगताना तो ‘लुबाडले’ या अर्थाचे क्रियापद योजतो. लेवीय 19:13 मध्ये शेजाऱ्याला लुबाडू नये अशी जी आज्ञा आहे तिच्यातील ते क्रियापद होय. वडील मंडळी या गोष्टीला तडजोड म्हणतात. लिहिणारा तिला लूट म्हणतो.

पुस्तकाची मांडणीही लक्षात घ्यावी. आरंभी, पहिल्या अध्यायात, कालेबाची कन्या अखसा गाढवावरून उतरून बापाजवळ पाण्याचे झरे मागते व मिळविते. पाचव्या अध्यायात दबोरेच्या गीतात सीसऱ्याची आई खिडकीशी उभी राहून पुत्राची वाट पाहते, आणि तिच्या शहाण्या सखी तिला धीर देतात की विजयी पुरुषांना लुटीत माणशी एकदोन पोरी मिळत असतील, म्हणून उशीर होत आहे. ते कनानी शत्रूच्या घरचे बोलणे. इस्राएलाने ते तिरस्काराने गाइले. अकराव्या अध्यायात इफ्ताह अविचाराने नवस करतो आणि तो फेडते त्याची एकुलती एक मुलगी. आणि शेवटी, एकविसाव्यात, पुन्हा एक शपथ, पुन्हा दुसऱ्यांच्या मुली, आणि माणशी एक पोरगी वाटून देणारे हात आता इस्राएलाच्या वडिलांचे आहेत. यानंतर ग्रंथकार एवढेच नमूद करतो की त्या काळी राजा नव्हता व ज्याला जे बरे वाटे ते तो करी. तेथे पुस्तक संपते.

आता नियमशास्त्राकडे वळू, कारण या विषयावर ते हाती घेऊन वाद घालणारे पुष्कळ भेटतात. मनुष्य चोरून नेणाऱ्याला निर्गम 21:16 मरणदंड सांगते, म्हणजे शिलोत जे झाले ते मोशेच्या शास्त्रानेही उघड गुन्हाच. अनुवाद 21 मध्ये युद्धात धरलेल्या स्त्रीविषयी नियम आहे: तिला घरी आणावे, तिचे केस व नखे काढावी, बंदिवासाची वस्त्रे उतरवावी, तिला आपल्या आईबापांसाठी पूर्ण महिनाभर शोक करू द्यावा, मगच पत्नी करावे; पुढे ती नकोशी झाली तर तिला मोकळी सोडावी, पैशाने विकू नये. त्या काळच्या सैन्यांचा आचार पाहिला तर हा मोठा लगाम होता. तथापि लगाम म्हणजे संमती नव्हे. महिनाभर जी आईबापांसाठी रडली तिला महिन्याच्या शेवटी कोणी विचारले, असे तेथे लिहिलेले नाही, आणि आम्ही ते ओढूनताणून तेथे घालणार नाही.

अनुवाद 22:28-29 या ओव्यांचा तर फार दुरुपयोग झाला आहे. कुमारीवर जबरी करणाऱ्याने तिच्या बापाला रुप्याचे 50 शेकेल द्यावे, तिला बायको करावी व जन्मभर टाकू नये, असा तो नियम आहे. तो त्या पुरुषावर बसविलेला बोजा आहे. वापरून टाकून देण्याची वाट त्याने बंद केली. मुलीला त्याच्या घरी ढकलण्याचा तो हुकूम मानला तर निर्गम 22:17 चे काय? तेथे कुमारीला फूस लावण्याच्या प्रकरणी बापाने साफ नकार दिला तरी त्या पुरुषाने पैसे भरावेच, असे म्हटले आहे. म्हणजे नकाराचे दार शास्त्राने उघडे ठेवले होते, जरी त्याची किल्ली बापाच्या हाती होती. मुलीला प्रत्यक्ष विचारल्याचा प्रसंग आम्हांस उत्पत्ति 24 मध्ये सापडतो. रिबकेची आई व भाऊ म्हणतात की मुलीला बोलावून तिच्याच तोंडून ऐकू या. आणि ती जाईन म्हणते. लग्न आधीच ठरले होते, प्रश्न लगेच निघण्यापुरता होता, हे आम्ही जाणतो. तरी विचारले.

आमच्या महाराष्ट्राला हा विषय परका नाही. मनुस्मृतीत विवाहाचे जे आठ प्रकार सांगितले आहेत त्यांत राक्षस नावाचा एक आहे: घरच्यांना मारून, दारे फोडून, आक्रोश करणाऱ्या कन्येला बळाने नेणे. क्षत्रियाला तो चालतो असेही तेथे म्हटले आहे. भीष्माने काशीच्या तिघी राजकन्या अशाच रथात घालून नेल्या. त्यांतील अंबेने मनाने शाल्वाला वरले होते, आणि पुढे शाल्वानेही तिला घेतले नाही व भीष्मानेही नाही. परंतु विदर्भातील रुक्मिणीची कथा वेगळी आहे. वर्धा नदीच्या काठचे कौंडिण्यपूर हे तिचे माहेर, ते आज अमरावती जिल्ह्यात आहे. भाऊ रुक्मी तिला शिशुपालाला देऊ पाहत होता. तिने स्वतः कृष्णाला पत्र धाडले आणि नगराबाहेरच्या देवीच्या देवळापाशी कोणत्या वेळी यावे ते कळविले. रूढीने तिला रुक्मिणीहरण म्हणतात. पण पैठणच्या एकनाथांनी सन 1571 मध्ये काशी येथे जो ग्रंथ पूर्ण केला त्याचे नाव ‘रुक्मिणीस्वयंवर’ आहे. हरणाला स्वयंवर का म्हणावे? पत्र तिचे होते म्हणून. तेथेही एक जण वाट पाहत उभा होता, परंतु ती जागा तिने नेमून दिली होती. आमच्या बुधवारच्या मंडळीत हे सांगताच एक सून हळूच म्हणाली, “शिलोच्या पोरींनी चिठ्ठी कुठं धाडली होती?” भेद इतका सोपा आहे, आणि आम्ही तो समजावण्यासाठी अर्धा तास घेतला होता.

या अध्यायाच्या मराठीविषयी एक गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. पंडिता रमाबाईंनी इब्री व हेल्लेणी भाषा शिकून सबंध पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले. 5 एप्रिल 1922 रोजी त्या निवर्तल्या व ग्रंथ 1924 मध्ये प्रसिद्ध झाला. केडगावच्या मुक्तिसदनातील छापखान्यात तो छापला गेला, आणि तेथे खिळे जुळविणाऱ्या स्त्रियाच होत्या. 1897 साली मध्य प्रांतातून व 1900 साली गुजराथेतून दुष्काळात सापडलेल्या अनाथ मुली रमाबाईंनी आणल्या होत्या. भुकेल्या पोरींना फूस लावून नेणारे लोक त्या वेळी टपलेले असत. मुक्तिसदन अशाच मुलींचे घर होते. त्या घरच्या हातांनी शिलोच्या मुलींचा अध्याय अक्षर-अक्षर जुळविला, हे मनात आणून आम्ही तो पुन्हा वाचला.

येथवर इतरांविषयी लिहिले. आता जे लिहितो ते लिहिणे जड जाते. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या फिरतीतील एका गावी एकोणीस वर्षांच्या एका मुलीला बाजाराच्या वाटेवरून जीपगाडीत घालून नेले. नेणारा नात्यातलाच होता. त्याला पूर्वी नकार मिळाला होता. तिसऱ्या दिवशी ती परत आली आणि ओसरीवर बैठक बसली. दोन्हीकडची वडील माणसे होती, चहा झाला. “झालं ते झालं,” “आता हिला दुसरं कोण करून घेणार,” “पोलिसात गेलं की दोन घरं बसली,” अशी बोलणी झाली, आणि सर्वांची सोय पाहून लग्न ठरले. मुलगी आतल्या खोलीत होती. दार लोटलेले होते, लावलेले नव्हते. आम्ही बसलो होतो तेथून तिचे पाय दिसत होते. शेवटी पाळकांनी प्रार्थना करावी असे म्हणाले, आणि आम्ही प्रार्थना केली. पुढे रीतसर नोटीस लागली व लग्न आम्हीच लाविले. उपासनाविधीत वधूला जो प्रश्न विचारावयाचा असतो तो विचारला, तेव्हा तिचे ओठ हलले, शब्द ऐकू आला नाही. बाहेर फटाक्यांची माळ लावलेली होती. आमच्या तेरखेड्याचे फटाके दूरदूर जातात व गावाचे पोट त्यावर चालते, त्यांना आम्ही नावे ठेवीत नाही. पण त्या दिवशी तो आवाज आम्हांस सोयीचा वाटला. आम्ही पुढचे वाक्य वाचले.

कायदा त्या वेळीही होता. स्त्रीला बळजबरीने लग्न लावण्यासाठी पळवून नेणे हा 1860 च्या भारतीय दंडसंहितेच्या कलम 366 प्रमाणे दहा वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा होता. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्यायसंहितेचे कलम 87 तेच सांगते. मुलगी अठरा वर्षांखालील असून तिला पालकांच्या ताब्यातून फूस लावून वा बळाने नेले असेल, तर ते लग्न 2006 च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याच्या कलम 12 प्रमाणे मुळातच रद्द ठरते. आणि 18 मार्च 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व न्यायालयांना बजावले की स्त्रीवरील लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणी आरोपीशी तिचे लग्न लावण्याची किंवा तडजोडीची सूचनासुद्धा करू नये. न्यायाधीशांना जे मना आहे ते ओसरीवर बसलेल्या पंचांना व पाळकांना मोकळे कसे असेल? मंडळीतील वडिलांनी ही कलमे एका कागदावर उतरवून जवळ ठेवावी, अशी आमची विनंती आहे. बैठकीत कोणी ‘शास्त्रातही असेच आहे’ म्हणाले तर त्याच्याकडून शास्ते 21 मोठ्याने वाचवून घ्यावे.

आम्ही स्वतः एवढे बदललो की आता नोटीस लावण्यापूर्वी प्रत्येक मुलीला तिच्या घरच्यांपासून वेगळी बसवून, आमच्या कुटुंबाच्या समक्ष, तुझ्या मनात आहे का असे विचारतो, आणि नाही म्हणालीस तर ते घरी सांगण्याचे काम आमचे, असेही सांगतो. बहुतेक मुली लाजून हसतात व होय म्हणतात. एकदा एकीने नाही म्हटले. लग्न मोडले. ते घर आमच्याशी अजून बोलत नाही, आणि त्यांच्याकडून येणारी सुगीची ज्वारीही बंद झाली आहे. त्या पूर्वीच्या मुलीकडे आम्ही दोन वर्षांमागे गेलो होतो. तिने पाणी दिले, चहा केला, मुलांना पाया पडावयास लाविले. आम्ही क्षमा मागितली तेव्हा ती म्हणाली, “तुम्ही तेव्हा आत आला असता तर मी बोलले असते, पाळकसाहेब.” आणि ती दूध उतू जाते म्हणून आत गेली.

शिलोच्या नाचाची यहूदी लोकांनी पुढे कशी आठवण ठेवली तेही वाचकांस कळावे. इसवी सनाच्या सुमारे 200 मध्ये संकलित झालेल्या मिश्ना ग्रंथात असे आहे की वर्षातून दोन दिवशी, त्यांतील एक अव महिन्याची पंधरावी तिथी, यरुशलेमच्या मुली द्राक्षमळ्यांत नाचावयास जात. सर्वजणी पांढरी वस्त्रे नेसत, आणि ती उसनी घेतलेली असत, की जिच्याजवळ नाही तिला खाली पाहावे लागू नये. तेथे बोलणाऱ्या मुलीच असत. त्या तरुणांना उद्देशून म्हणत की डोळे वर करून नीट पाहा, कोणाला निवडतोस ते. बन्यामीन वंशाला पुन्हा सोयरिकीची मोकळीक मिळाली ती याच तिथीला, असे त्यांच्या पुढील पंडितांनी सांगितले आहे. मळे तेच, नाच तोच, परंतु आता वेलींच्या आड कोणी लपलेले नाही.

इब्री शास्त्राच्या क्रमात शास्त्यांच्या लगेच पुढे शमुवेलाचे पुस्तक येते, आणि ते त्याच शिलो गावी उघडते. तेथे हन्ना नावाची एक स्त्री देवासमोर उभी आहे. तिचे ओठ हलतात पण शब्द ऐकू येत नाही, आणि याजक एली तिला झिंगलेली समजतो. मग ती त्याला उत्तर देते. पुढील बुधवारसाठी 1 शमुवेल, अध्याय 1 वाचून यावे. वाचन त्या वृद्ध बाईच करणार आहेत. नातवाने त्यांना बार्शीहून नवा चष्मा आणून दिला आहे.